गुडघ्यांची माती

डोळे मिटले की मला अंधार दिसतो. बस्स, दुसरं काही नाही. लोक सांगतात, डोळे मिटून त्यांना समुद्र दिसतो, लहानपणचं घर दिसतं, गेलेला बाप दिसतो. मला वाटायचं, ही आपली बोलायची पद्धत असेल. लोकांना खरंच दिसतं हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, तेही एका ध्यानाच्या शिबिरात, चटईवर पाय आखडून बसलेली असताना.

अमरावतीत आमचं चष्म्याचं दुकान आहे. नवरा डोळे तपासतो, मी फ्रेमा दाखवते, आणि गर्दी असली की तपासायलाही बसते. दिवसभर तोंडात एकच वाक्य: "हे स्पष्ट की हे? पहिलं बरं की दुसरं?" गिऱ्हाईक म्हणतं दोन्ही सारखेच, आणि माझा पारा चढतो. अरे, सारखे कसे असतील? नीट पाहा ना! आमच्याकडे येणाऱ्या एक निवृत्त बाई माझ्या मागंच लागल्या. "ताई, तुम्ही लय चिडता. ध्यानाला चला एकदा." चिडते हे तर खरंच होतं. गेले.

तिथले गुरुजी माइकवर हळू आवाजात म्हणाले, हृदयात एक गुलाबी कमळ पाहा. मी पाहायला गेले. अंधार. पाकळी पाकळी उमलू द्या, म्हणाले. काय उमलू देऊ कपाळ? शेवटी एकेकाला विचारलं, काय दिसलं. एकीच्या कमळावर भुंगा बसला होता म्हणे. एकाला कमळात त्याची आजी दिसली, तो रडायलाच लागला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "निळा उजेड दिसला." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येऊन नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला डोळे मिटून काही दिसतं का हो?"

तो म्हणाला, "दिसतं न. काय पाहू?"

"मी दिसते?"

त्यानं डोळे मिटले. "दिसते. चिडलेली आहे."

तो हसला, पण मला रडू फुटलं. इतकी वर्षं माझ्याभोवती सगळ्यांच्या डोक्यात चित्रं चालू होती आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं. देवासमोर हात जोडून सगळे डोळे का मिटतात, ते मला त्या दिवशी समजलं. आत काहीतरी पाहायला मिटतात. मी मात्र आपली सगळे मिटतात म्हणून मिटत होते.

माझी आई अकोल्याला, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात, एका गल्लीत दोन खोल्यांत एकटी राहायची. वडील केव्हाच गेलेले, आणि मी एकुलती एक. आमच्याकडे ये म्हटलं की म्हणायची, "तुह्या घरी येऊन काय करू? तुह्या फ्रेमा पुसू?" तिचे डोळे काचबिंदूनं गेले होते. चष्मेवालीची आई, अन् काचबिंदूनं आंधळी! लोक तोंडावर बोलत नाहीत, पण मला ऐकू येतं. काचबिंदू कडेनं खात येतो, मधलं बरेच दिवस शाबूत ठेवतो. आई दुकानात यायची, अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचायची आणि आम्ही दोघं खूश. घरी दाराच्या चौकटीवर तिचे खांदे आपटायचे, तर म्हणायची दारच अरुंद आहे. खरं काय ते उघडकीला आलं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नसते.

नजर गेल्यावरही ती चाचपडत देवपूजा करायची. तिचा देव म्हणजे हाताच्या पंजाएवढा पितळी बाळकृष्ण, रांगणारा, एक गुडघा पुढं आणि हातात लोण्याचा गोळा. पण एकदा निरांजनानं देव्हाऱ्याचा पडदा पेटला. शेजारची भाभी कपडे वाळत घालत होती म्हणून बरं, तिनं धावत येऊन ओल्या चादरीनं विझवला. त्यानंतर आईनं बाळकृष्ण मऊ फडक्यात गुंडाळला, स्टीलच्या डब्यात घातला आणि डबा कपाटात ठेवून दिला. छातीवर हात ठेवून म्हणाली, "आता अंदरच करीन."

पोथीत याला मानसपूजा म्हणतात. आई म्हणायची, मनातली पूजा. सकाळी आंघोळ करून भिंतीला टेकून बसायची, डोळे मिटायची आणि करता करता बोलायची. "ये रे राजा. उतर खाली. पाणी कोमट आहे, भिऊ नको. मान वर कर. कानामागं पाह्य किती मळ." हात मांडीवरच असायचे, पण बोटं हलायची. मग त्याला पुसणं, पिवळा अंगरखा, टोपी, गंध, फूल. एकदा मधेच थांबली. "बटन तुटलं बाप्पा याचं." मी बाजूलाच भाजी निवडत होते. मला वाटलं आता पुढं जाईल. छे! तिनं मनात सुईदोरा काढला, दोऱ्याचं टोक ओलं केलं, सुई ओवली, बटन लावलं, आणि दोरा दातानं तोडला तेव्हा तिचे दात खरंच एकमेकांवर वाजले. मी आधी हसले आणि मग माझ्या अंगावर काटा आला. आत तिचे डोळे ठणठणीत होते. आत ती सुई ओवत होती!

पूजा झाली की नैवेद्य, आणि नैवेद्य झाला की मग तिचं जेवण. त्याआधी पाण्याशिवाय काही नाही. बाळंतपण आणि वडील गेल्यानंतरचं सुतक सोडलं तर तिनं हे कधी, तापातसुद्धा, मोडलं नव्हतं.

शिबिरानंतरच्या सोमवारी दुकान बंद होतं, तशी मी बस पकडून अकोल्याला गेले आणि आईला म्हटलं, मला शिकव. ती इतकी खूश झाली की विचारू नका. मला शेजारी बसवलं, माझा हात हातात घेतला. "मिट डोये. घाई नको करू. तो लेकरू आहे, आपुनच येते." मी मिटले. अंधार. ती बोलत गेली, तो आला, हसला, पाण्यात हात आपटले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "दिसला?"

मी काय म्हणणार होते? तिची मान माझ्याकडं वळलेली, न दिसणारे डोळे माझ्या कानाच्या जरा बाजूला लागलेले, आणि चेहऱ्यावर इतकी आशा. मी म्हटलं, "हो."

"मा माय! कसा आहे?"

"पिवळा अंगरखा आहे. हातात लोणी आहे. एक गुडघा पुढं."

तिनं माझ्या मांडीवर चापट मारली. "पाह्य! मी म्हटलं नव्हतं का!"

तेव्हापासून दर सोमवारी मी तिच्याजवळ बसत गेले. खोटं बोलत होते, पण सांगते, ते बसणं मला आवडायचं. माझ्या अंधारात तिचा आवाज असायचा. आणि मला खरोखरच आशा होती. ज्याला दिसतं त्याच्या शेजारी बसून बसून कधीतरी आपल्यालाही काहीतरी चमकेल, एखादा कोपरा, एखादा रंग, अंगरख्याची बाही तरी. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी डोळे मिटून बसायची. बाजूची बाई विचारायची, बरं नाही वाटत का? मी म्हणायची, काही नाही, झोपली होती.

मग एका सकाळी दुकान उघडत होते तर भाभीचा फोन आला. "दीदी, अम्मा ने कल से कुछ नहीं खाया. बैठी है तो बैठीच है."

 मिळेल त्या बसनं गेले. आई भिंतीला टेकून बसली होती, ओठ कोरडे, बोटं हलताहेत. "मान वर कर. कानामागं पाह्य किती मळ. मान वर कर." ती त्याला आंघोळ घालत होती. कालपासून आंघोळच घालत होती. पुढं काय करायचं ते तिला आठवत नव्हतं, म्हणून ती पुन्हा तांब्या घेत होती. पूजा संपत नव्हती, म्हणून ती जेवत नव्हती. आणि ती पूजा कोणाच्याच हाती लागण्यासारखी नव्हती. बाहेर मांडलेली असती तर मी बाजूला सारून म्हटलं असतं, ऊठ, मी करते उरलेली. आत कसा हात घालणार?

मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आई, झाली त्याची आंघोळ. पूस त्याले आता."

ती थांबली. "पुसू?"

"पूस. गारठला तो."

बोटांची हालचाल बदलली. ती पुसत होती! मी म्हटलं, आता अंगरखा. आता टोपी. आता गंध. सगळं तिचंच मला पाठ होतं, तेच मी तिला परत देत होते. शेवटी नैवेद्य दाखवला, तिनं पाणी फिरवलं, डोळे उघडले आणि म्हणाली, "भूक लागली व." भाभी दारात उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, रुको, रोटी गरम है.

त्यानंतर रोज सकाळी फोनवर. भाभी फोन आईच्या मांडीवर ठेवायची आणि मी दुकानातून पूजा सांगायची. गिऱ्हाईक तपासणीची जड फ्रेम नाकावर घेऊन बसलेलं आणि मी काउंटरमागं, "हं, आता टोपी घाल, वाकडी नको घालू." एका गृहस्थानं विचारलं, ताई, बाळ केवढं आहे? मी म्हटलं, रांगतं. नवऱ्यानं एका शब्दानं मला अडवलं नाही. उलट उशीर झाला की तोच म्हणायचा, अगं, आईंची पूजा राहिली.

पण फोनवर किती दिवस भागणार? तिला गॅसची शेगडी बंद केली की नाही आठवेना. एकदा ती गल्लीत उलट्या बाजूनं चालत निघाली, भाभीनंच हात धरून आणलं. मग मी काही ऐकलं नाही. तिला आणि तिच्या स्टीलच्या डब्याला अमरावतीला आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. तिनं बसमध्येच विचारलं, "तो आला न संगं?" मी म्हटलं, "तुह्या मांडीवरच आहे." तिनं मांडीवर हात ठेवला आणि अमरावती येईपर्यंत काढला नाही.

ते दिवस बरे गेले, असं आता म्हणवतं. मी सांगायची, ती करायची, मग ती जेवायची. कधी मी घाईत टोपी विसरले तर ती म्हणायची, "अन् टोपी? बोडकाच ठेवतं का त्याले?" तेवढं तिला दिसत होतं. ती मला विसरायला लागली होती. कधी मला मावशी म्हणायची, कधी नर्स. पण त्याला विसरली नव्हती. मला हेवा वाटायचा आणि हेवा वाटल्याबद्दल स्वतःचा रागही यायचा. आई मला विसरली तरी चालेल, फक्त तिचं हे चालू राहू दे, असं मी कोणाला म्हणायची देव जाणे.

भाद्रपदात समोरच्या फ्लॅटमध्ये महालक्ष्म्या बसल्या. आमच्याकडे वऱ्हाडात हा मोठा सण. तीन दिवस घरात महालक्ष्म्या येतात, जेवतात, आणि तिसऱ्या दिवशी अक्षता टाकून, मुखवटे जरासे हलवून त्यांना निरोप देतात. हलवलं की गेल्या. मग उरतात ते नुसते मुखवटे आणि साड्या. घरातल्या देवाला मात्र असं कोणी कधी करत नाही. तो घरचा असतो. त्याला निरोप कसला?

तिसऱ्या दिवशी सकाळी आई पूजेला बसली होती. दार उघडं होतं. समोरून आरती आली, घंटा आली, बायकांचा गलका आला, कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "टाका अक्षता, सगळ्यांनी टाका." मी आईला अंग पुसण्यापर्यंत आणलं होतं. आता अंगरखा म्हणणार, तेवढ्यात आईचा उजवा हात वर गेला. चिमूट मिटलेली. तिनं ती समोर सोडली. मग दोन्ही हात पुढं करून तिनं काहीतरी अलगद धरलं आणि जरासं हलवलं.

"आई! आई, काय करून राहिली?"

ती तशीच हात पुढं करून बसली. मग तिचा चेहरा उतरला. हरवलेलं लेकरू शोधताना बाईचा होतो तसा. "अवं," ती म्हणाली, "तो गेला."

"कुठं जाईल? इथंच आहे."

"गेला. रांगत गेला दारातून. त्याले कपडे बी नाही घातले मी." आणि मग मोठ्यानं, "धर त्याले! कोणी धरा ना त्याले!"

मी खरंच उठून दाराशी गेले. काय मूर्खपणा! जिन्यात समोरच्यांकडं आलेल्या बायकांच्या चपलांचा ढीग, बाकी कोणी नाही. पण मी दोन पायऱ्या उतरून पाहिलं.

त्या दिवशी ती जेवली नाही. मला वाटलं, उद्या विसरेल. सगळं विसरते, हे नाही का विसरणार? पण हेच तिच्या लक्षात राहिलं. सकाळी आंघोळ करून बसायची, डोळे मिटायची, आणि थोड्या वेळानं म्हणायची, "नाही आला." देव नाही तर नैवेद्य कोणाले, आणि नैवेद्य नाही तर आपुन कसं जेवाचं? तिचं सरळ होतं. मी डब्यातला बाळकृष्ण काढून तिच्या हातात दिला. तिनं बोटं फिरवली, पुढचा गुडघा चाचपला, लोण्याचा गोळा चाचपला आणि परत दिला. "हे पितळ आहे, बाई. ठेव जपून."

दूध चमच्यानं पाजायला गेले तर ओठ मिटायची. नवरा म्हणाला, आई, माझ्यासाठी एक घोट. जावई म्हटल्यावर तिनं डोक्यावर पदर घेतला आणि तोंड फिरवलं. डॉक्टर घरी येऊन सलाईन लावून गेले. म्हणाले, या वयात, या विसरण्याच्या आजारात असं होतं, नाकातून नळी घालता येईल, तुम्ही विचार करा. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडले. मला देवाचा एवढा राग कधी आला नव्हता. एका म्हातारीच्या डोक्यात राहत होतास, तेवढीही जागा तुला धरवली नाही?

मग मी ठरवलं, आपणच त्याला आणायचा. जसं फोनवर आणायचे तसं. दुपारी तिच्याजवळ बसले, हात हातात घेतला आणि म्हटलं, "आई, आला तो."

तिचा हात माझ्या हातात घट्ट झाला. "आला? कोठी?"

"तुह्यासमोर बसला. पाह्य."

तिनं डोळे मिटले. कितीतरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "मले नाही दिसत. तुले दिसते?"

"मला दिसतो ना."

"कसा आहे?"

मी सांगत गेले. पिवळा अंगरखा आहे. टोपीला मोरपीस आहे. एक गुडघा पुढं, हातात लोणी. कपाळाला गंध. हसतो आहे तुझ्याकडं पाहून. एक शब्द चुकला नाही. आई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं आणि मला वाटलं, जमलं! आता नैवेद्य, आता दोन घास.

"अन् गुडघे?" तिनं विचारलं.

"एक पुढं आहे, एक मागं."

"ते नाही इचारत. कसे आहेत गुडघे?"

"छान आहेत. स्वच्छ. आत्ताच तर आंघोळ झाली."

तिनं माझा हात सोडला. "इतके दिवस बाहेर रांगत होता," ती म्हणाली, "पावसापाण्याचा. त्याच्या गुडघ्याले माती नाही लागली?"

 आमच्या दुकानात असे लोक येतात. नोकरीसाठी नाहीतर लायसनसाठी डोळ्यांचा दाखला हवा असतो, म्हणून तक्ता घरूनच पाठ करून येतात आणि शेवटची ओळ न अडखळता म्हणतात. मी त्यांना बरोबर पकडते. दुसरा तक्ता लावते आणि म्हणते, आता वाचा. तेव्हा त्यांचं तोंड जसं होतं, तसं माझं झालं असणार. आईला ते दिसत नव्हतं, एवढंच.

"तू पाठ म्हणून राहिली," ती म्हणाली. रागानं नाही. "तुले दिसतच नाही ना तो?"

"नाही आई."

"कधी दिसला होता?"

"कधीच नाही. मले काहीच दिसत नाही, आई. डोळे मिटले की नुसता अंधार आहे."

 मग तिचा हात चाचपडत आला, माझ्या चेहऱ्यावर फिरला, डोळ्यांवर थांबला. अंगठ्यानं तिनं माझ्या पापण्या पुसल्या. "मा माय, पोरी," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी मला पोरी म्हणाली. "इतके वर्ष अंधारात बसली माह्याजवळ? सांगाचं नाही का? मंग आता आपुन दोघी सारख्याच."

आम्ही दोघी रडलो. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, ती माझ्या केसांत हात घालून रडली.

मग ती म्हणाली, "ताट आण."

मी स्वयंपाकघराकडं धावले. वरण-भात होता. घाईघाईनं वाढला, वर तूप घातलं, ताट तिच्या मांडीवर ठेवलं, पाण्याची वाटी हातात दिली. तिनं बोटं बुडवली, ताटाभोवती पाणी फिरवलं. कितीतरी दिवसांनी फिरवलं! मग भात कालवला, छोटा घास केला आणि हात पुढं केला. "आ कर."

"आई, तू खा."

"आ कर म्हटलं न. तो नाही तर तू आहे. घे."

मी आ केलं. घास माझ्या तोंडात आला. वरणात मीठच नव्हतं, मी विसरले होते. मी तो गिळला आणि मला इतका आनंद झाला, लाज वाटावी इतका. नैवेद्य झाला! आता ती जेवणार. मी घास केला आणि तिच्या ओठांशी नेला. "घे आई. आता तू."

तिनं ओठ मिटून घेतले. मान बाजूला केली. भिंतीला टेकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "थांब, बाई. माही पूजा व्हायची आहे."

"झाली आई. आत्ता नैवेद्य दाखवला ना. मला भरवलास."

"तुम्ही कोण, नर्स?" तिनं विचारलं. "जरा थांबा. तो येईल आता."

त्यानंतर ती फार दिवस नव्हती. नळी मी घालू दिली नाही. यावरून नातेवाईक पाठीमागं बोलतात आणि कधी कधी मीच स्वतःला बोलते. शेवटपर्यंत ती सकाळ झाली की विचारायची, आला का? आणि मी सांगायची, नाही आला. तिच्याशी परत खोटं बोलायचं माझ्यानं झालं नाही. भाभी अकोल्याहून आली होती, तिनं आईचे पाय चोळले. जाताना आईच्या ओठांवर कोणतंही नाव नव्हतं. बोटं तेवढी हलत होती, मान वर कर म्हणताना हलायची तशी, आणि मग तीही थांबली.

मला शिबिराला पाठवणाऱ्या त्या निवृत्त बाई भेटायला आल्या. म्हणाल्या, ताई, रोज डोळे मिटून आईंचा चेहरा समोर आणा, प्रकाशात पाहा, मन शांत होईल. मी त्यांना चहा दिला. काय सांगणार? आईचा चेहरा मला फोटोत पाहिला की आठवतो. फोटो ठेवला की गेला. ज्यांना दिसतं त्यांची माणसं मेल्यावरही थोडी उरतात. माझी उरत नाहीत.

तरी मी बसते. बाळकृष्ण डब्यातून काढून देव्हाऱ्यात ठेवला आहे, पण पूजा मी तिच्यासारखी भिंतीला टेकून करते. डोळे मिटते. ये रे राजा, म्हणते. पाणी कोमट आहे. अंगरखा, टोपी, मोरपीस, सगळं म्हणते, आणि आता गुडघ्यांची मातीही धुते, काळी माती, लवकर निघत नाही, असं म्हणते. दिसत काही नाही. कधी कधी तोंडात त्या अळणी वरण-भाताची चव येते, तेवढीच. पूजा झाली की नाही हे मला कळायला काही मार्ग नाही. आई असती तर तिनं विचारलं असतं, अन् टोपी? अन् गुडघे?

पण दुपार होते, भूक लागते, आणि मी उठून जेवते.